उरलेली थरथर

फोस्काने फ्रीजचा प्लग भिंतीतून ओढून काढला आणि फोनवर म्हणाली, “फ्रीज बंद.”

“फ्रीज बंद,” पलीकडून तुलिओचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती खरखर. “फरक नाही. पुढचं.”

स्वयंपाकघराच्या दारात आर्जा हाताची घडी घालून उभी होती. सकाळपासून या बाईने तिच्या घरातलं एकेक यंत्र गप्प करत आणलं होतं. आधी विहिरीवरचा पंप, मग बॉयलर, मग कोठारातला फ्रीझर. त्या फ्रीझरमध्ये तिच्या पुतण्याने मारलेलं अख्खं रानडुक्कर तुकडे करून ठेवलेलं होतं. डुक्कर वितळलं तर तुमच्या सगळ्या शास्त्रज्ञांना इथे जेवायला बोलवावं लागेल, असं आर्जाने दोनदा बजावलं होतं. फोस्का दोन्ही वेळा हसली, पण कान फोनलाच लावून.

पिसाच्या बाहेर, आर्नो नदीने आणून टाकलेल्या सपाट मातीवर, फोस्का आणि तुलिओ जिथे काम करत त्या अँटेनाच्या दोन लांबलचक भुजा शेतं कापत गेल्या होत्या. प्रत्येक भुजा म्हणजे आतली हवा उपसून टाकलेली एक नळी, आणि टोकाला टांगलेला आरसा. कल्पनेपलीकडच्या अंतरावर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वाकर्षणाची लाट येई आणि आरसे हलत. ते हलणं इतकं कमी की शेजारच्या गावात कोणी ट्रॅक्टर सुरू केला तरी त्यात बुडून जाई. गावातली माणसं या सगळ्या प्रकाराला नुसतं ‘नळी’ म्हणत. पश्चिमेकडची भुजा जिथे संपे तिथे नेदो बार्सोत्ती आणि त्याची धाकटी बहीण आर्जा यांचं घर होतं. भुजेखालची जमीनही एकेकाळी त्यांचीच.

फोस्काचं काम आवाज शोधून मारण्याचं. आरशाला नको ती थरथर जाणवली की ती कुठून येते हे हुडकायचं आणि ती बंद करायची. हे करता करता तिचे केस पांढरे झाले होते. आकाशातला असावा असं वाटलेला प्रत्येक आवाज शेवटी जमिनीवरचाच निघाला होता: कुठे पंखा, कुठे सैल झालेला नट, एकदा तर चर्चच्या घंटेचा झिजलेला लोलक. त्या लोलकाच्या वेळी तुलिओ दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता.

यंदा मात्र वेगळंच झालं होतं. वसंतात नळ्यांमधून आरशांपर्यंत जाणारा लेसरचा प्रकाश नव्या पद्धतीने आवळला गेला, अँटेना पूर्वी कधी नव्हती इतकी शांत झाली, आणि त्या शांततेच्या तळाशी एक थरथर उरली. तुलिओ या कामाचा प्रमुख. प्रकाश जसा कणाकणाने येतो तसंच गुरुत्वाकर्षणही येत असेल, तर त्या कणांनी आरसे थरथरलेच पाहिजेत, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. ती थरथर एकसारखी नसेल, चढेल आणि उतरेल, आणि जगातलं कुठलंही बटण दाबून ती थांबणार नाही. निम्म्या लोकांना हे वेड वाटे. समुद्रापलीकडच्या अँटेना अजून इतक्या शांत नव्हत्या, म्हणजे पडताळा घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. शोधनिबंध लिहून तयार होता. थरथरीला जमिनीवर कुठेही उगम नाही, एवढं फोस्काने सही करून सांगायचं बाकी होतं.

आणि खरं सांगायचं तर ही थरथर तुलिओपेक्षा फोस्कालाच जास्त हवी होती. मेल्या पंपांच्या मागे सगळं आयुष्य गेलं होतं. एक तरी आवाज आपल्याला पुरून उरावा, एवढीच तिची इच्छा होती.

“आता काय राहिलं?” तुलिओने विचारलं.

काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं. पलीकडच्या खोलीतून त्याची घरघर सकाळपासून ऐकू येत होती. नेदोची फुप्फुसं निकामी होत आली होती आणि पलंगाशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनवर त्याचा दिवस चाले. त्याला हात लावायचा नाही, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

“शास्त्रज्ञबाई,” नेदोने आतून हाक मारली. “माझं डबडं राहिलं ना? करा की बंद. बसल्या जागी चालतं मला थोडा वेळ. संडासला जातो तेव्हा काय हे पाठीवर बांधून नेतो?”

आर्जाने त्याला फटकारलं. मरायचंच असेल तर माझ्या देखत नको, म्हणाली.

“तू गप. माझी सूर्यफुलं गेली त्या नळीखाली. काय शोधतायत ते तरी मरायच्या आधी कळू दे.”

फोस्काने नाही म्हणायला हवं होतं. तिने आत जाऊन बटण दाबलं.

घर एकदम गप्प झालं. नेदो उशांना टेकून बसला होता, नाकातली नळी हनुवटीवर ओढलेली, डोळ्यांत मिस्कीलपणा. त्याचा श्वास तेवढा खोलीत ऐकू येत होता.

“फरक नाही,” तुलिओ म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “फोस्का, काहीच फरक नाही. सगळं बंद आहे आणि ती तशीच आहे. थांब, स्पीकरवर लावतो. तूच ऐक.”

तिला भरून आलं. एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने ती मशीन सुरू करायला वाकली, तर नेदोने बोट वर करून तिला थांबवलं. त्यालाही ऐकायचं होतं. तिने फोन पलंगावर ठेवला.

जाड भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं असावं तसा तो आवाज होता. हळूहळू चढे, उतरे, आणि पुन्हा चढण्याआधी बारीकसा अडखळे.

“हा कोण धापा टाकतोय?” नेदोने विचारलं.

कोणी नाही, तो आरसा आहे, असं फोस्का सांगू लागली. नेदो मान कलती करून ऐकत राहिला. मग काय मनात आलं कोण जाणे, नदीत सूर मारताना पोरं करतात तसे त्याने गाल फुगवले आणि दोन बोटांत नाक धरलं.

आवाज थांबला.

फोन कटला असेल असं फोस्काला वाटलं. तेवढ्यात नेदोने फुस्सकन श्वास सोडला, हसला, खोकला, आणि फोनमधला आवाज एकदा अडखळून पुन्हा सुरू झाला.

“काय केलंस?” तुलिओ विचारत होता. “आत्ता क्षणभर गेली होती. पडद्यावरची रेघ साफ झोपली. काय बंद केलंस?”

फोस्का नेदोकडे बघत होती. नेदो आता हसत नव्हता.

“काही नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच काहीतरी गडबड असेल. बघा.” आणि तिने मशीन सुरू केलं.

पहिला संशय तिने फोनवर घेतला. पण रेघ आरशावरून येत होती, फोनचा तिच्याशी संबंध नव्हता. मग योगायोग. त्यासाठी दुसऱ्या दिवशी ती नियंत्रण कक्षातल्या कोपऱ्यातल्या पडद्यासमोर बसली आणि नेदोला निरोप पाठवला, की जेवणाच्या आधी वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा श्वास धरा, मला कळवू नका. सकाळभरात रेघ तीनदा झोपली. जेवणाच्या वेळी तिने आर्जाला फोन केला.

“तीनदा,” आर्जा म्हणाली. “तिसऱ्या खेपेला ओठ निळे पडले. मूर्ख आहे तो. तुम्हीही मूर्ख आहात.”

मग तिने जमिनीत पुरलेली यंत्रं तपासली, हवेतले कंप टिपणारी यंत्रं तपासली. धडधाकट माणूस भुजेच्या टोकाच्या, आरशाच्या इमारतीशेजारून चालत गेला तरी आरशाला पत्ता लागत नसे, आणि इथे तर पलंगावर बसलेला हाडांचा सापळा. जमिनीला काही कळलं नव्हतं. हवेलाही नाही. जे काही नेदोपासून आरशापर्यंत पोचत होतं ते मातीतूनही येत नव्हतं आणि वाऱ्यातूनही. इतक्या वर्षांत फोस्काला आवाजाची भीती कधी वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली.

तुलिओला ती काय सांगणार? सांगितलं तर तो आधी हसला असता आणि मग घंटेच्या लोलकाच्या वेळेसारखा गप्प झाला असता. न सांगता सही केली तर ते खोटं. तिने फक्त नेदोला सांगितलं, त्याच्या पलंगाच्या कडेवर बसून.

“म्हणजे नळीला माझा श्वास ऐकू येतो,” नेदो म्हणाला.

“तसं दिसतंय.”

“आणि माझ्यामुळे तुमची सही अडलीय.”

नेदो संत्रं सोलत होता. साल एका लांब पट्टीत काढायची त्याला सवय होती, पण हात कापत असल्याने ती तुटे.

“थोडं थांबा,” तो म्हणाला. “फार नाही थांबावं लागायचं.”

कोणीतरी थोबाडीत मारावी तसं तिला झालं, कारण गाडीतून येताना तिने नेमका तोच हिशेब केला होता. तो गेला की थरथर थांबेल, आणि ती आकाशातली नव्हती हे ठरेल. किंवा थांबणार नाही. दोन्हीकडून पाहता त्याच्या मरणाची वाट बघणं आलंच. तिला स्वतःची शरम वाटली. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर ती काही ना काही निमित्त काढून त्या घरी जाऊ लागली. जाताना कधी बेकरीतून चेचीना, म्हणजे चण्याच्या पिठाची गरम जाड पोळी, घेऊन जाई, आणि नेदो मिरपूड कमी पडली म्हणून बेकरीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. काल मी पडद्यावर कसा होतो, असं तो विचारी. तिला ठाऊक असे. त्याची रात्र वाईट गेली की रेघ तुटक येई, आणि तो झोपला असेल तर लांब, संथ. सकाळी कक्षात पाऊल टाकलं की कॉफीच्या आधी ती ती रेघ बघे. आहे. मग कोट काढून खुंटीला लावी. म्हाताऱ्यावर आपला जीव जडलाय हे तिला कळत होतं, आणि सही दर आठवड्याला पुढे ढकलण्याचं तेही एक कारण होतं.

तुलिओ आधी सबुरीने घेत होता. मग टोमणे सुरू झाले.

“आकाशातलाही आवाज मारायचाय का तुला?” त्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलं. लोक हसले. जानेवारी संपेपर्यंत वेळ दे, एवढंच ती म्हणाली.

जानेवारी संपायच्या आतच, समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता अशा एका सकाळी, आर्जाचा फोन आला. फोस्का घरीच होती, कोटाची एक बाही चढवलेली.

“गेला,” आर्जा म्हणाली. “पहाटे, झोपेत. मशीन मी मघाशी बंद केलं.”

येतेच, असं फोस्का म्हणाली. पण त्या घराकडे निघण्याआधी तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला, आणि याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीही माफ केलं नाही.

“थरथर आहे का?” तिने विचारलं.

“जाईल कुठे?” तुलिओ म्हणाला. “आहे की. इतका वारा आहे तरी पहाटेपासून उलट जास्तच स्वच्छ दिसतेय. का गं?”

तिला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, आनंदच झाला. म्हणजे ती नेदोची नव्हती. ते नाक धरणं, त्या तीन वेळा, सगळा योगायोग. असे योगायोग होतात, आणि त्यांना भुलायचं नसतं हेच तर ती नव्या पोरांना शिकवत आली होती. नेदो नाही, मशीन नाही, आणि थरथर आहे. नेदो गेल्याचं तिने तुलिओला सांगितलं, आणि निबंध पाठव, संध्याकाळी येऊन सही करते, असंही सांगितलं.

तुलिओ म्हणाला की दुःखाच्या घरी तो तिला त्रास देणार नाही. रेघेत काही बदल झाला तरच फोन करेल, एरवी नाही.

“एकदा ऐक मात्र,” तो म्हणाला. “किती सुंदर येतेय.”

तिने ऐकलं. चढली, उतरली. आणि पुन्हा चढण्याआधी अडखळली, नेदो अडखळायचा तशीच, तेवढाच वेळ. फोस्का गाडीची किल्ली हातात धरून जिन्यात उभी राहिली.

बार्सोत्तींच्या घरात शेजारच्या चार बाया आधीच येऊन बसल्या होत्या आणि जपमाळ ओढत होत्या. कपाटाच्या आरशावर रिवाजाप्रमाणे चादर टाकलेली होती. नेदोला काळा सूट चढवला होता, तो आता त्याला दोन मापं मोठा होत होता. मशीन कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेलं. फोस्का पलंगाशी गेली आणि शोभणार नाही इतका वेळ त्याच्या छातीकडे बघत राहिली. छाती हलत नव्हती. तिने त्याच्या हातांवर हात ठेवला. ते थंड होते.

आर्जा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. रडून झालेलं दिसत होतं.

“खिडकी उघडायची राहिली,” ती हळूच म्हणाली.

फोस्काने तिच्याकडे पाहिलं.

“माणूस गेला की लगेच उघडतात, जीवाला बाहेर पडता यावं म्हणून. आईच्या वेळी मीच उघडली होती. आज पहाटे बाहेरच्या झडपा ढकलून ढकलून थकले, हलेनात. मग आठवलं. तुमच्या लोकांनीच त्या स्क्रूने आवळून टाकल्यात, वाऱ्यात आपटतात आणि नळीला त्रास होतो म्हणून.”

‘तुमचे लोक’ हा आर्जाचा भिडस्तपणा होता. झडपा फोस्काने स्वतः आवळल्या होत्या. असल्या कितीतरी गोष्टी तिने या पंचक्रोशीत आवळून टाकल्या होत्या, आणि ही एक तिच्या ध्यानातही राहिली नव्हती.

“माझा काही फार विश्वास आहे असं नाही,” आर्जा म्हणाली. “पण सकाळपासून मला वाटतंय तो इथेच आहे. आणि वैतागलाय.”

वारा झडपांवर येऊन आदळत होता. झडपा हूं की चूं करत नव्हत्या, काम चोख झालं होतं. फोस्काच्या कोटाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता, तो तिथे नेहमीच असे. उद्या दफन झालं की पुतण्याकडून काढून घेऊ, असं म्हणता आलं असतं. आर्जाने त्यावर मानही डोलावली असती. संध्याकाळी निबंध गेला असता. कशानेही न थांबलेला एकुलता एक आवाज जगभरातल्या लोकांनी वाचला असता, आणि खाली तिची सही असती. तिला फक्त हात खिशातच ठेवायचा होता.

तिने काचेची तावदानं आत ओढली आणि गुडघा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला. पहिले स्क्रू सहज निघाले. खालचे गंजले होते. जोर लावताना तिचं मनगट दुखायला लागलं, आणि मागे बायांची जपमाळ थांबली तेव्हा आपण रडतोय हे तिच्या लक्षात आलं. शेवटचा स्क्रू निघून कट्ट्यावर पडला. तिने दोन्ही तळव्यांनी झडपा ढकलल्या.

बाहेर सपाट शेतं होती, आणि त्यांच्या मधोमध पार दूरवर गेलेली नळी. गार वारा खोलीभर झाला.

कोटाच्या खिशात फोन वाजू लागला.

“तुमचा फोन,” आर्जा म्हणाली.

“माहीत आहे. तुलिओच असणार.”

तो वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. फोस्का झडप भिंतीवर आपटू नये म्हणून ती हाताने धरून उभी होती. आर्जाने थोडा वेळ वाट पाहिली, मग पलंगाकडे वळली, आणि खिडकी आता उघडी राहणार म्हणून तिने नेदोच्या पायांवर घोंगडी घातली.